बाईंचं बंद पडलेलं पेन

माझ्या घरमालकीणबाई मला नावानं हाक मारत नसत. त्यांच्यासाठी मी "तीन" होते. "ए तीन, दूध उतू चाललंय!" "तीन, आज ड्यूटी नाही का गं?" त्यांच्या घराला लागून भाड्याच्या तीन खोल्या होत्या आणि दारांवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगात आकडे काढले होते : दोन, तीन आणि पाच. पोस्टमन नवा आला की चार नंबर शोधत पार परसापर्यंत जाऊन यायचा. मी राहायला आले त्या दिवशीच विचारलं, "बाई, चार कुठंय?"

"चारला दोननं भाग जातो," त्या म्हणाल्या. "भाग जाणारा आकडा मी माझ्या दारावर ठेवत नाही."

मी तेव्हा ईट गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून नव्यानं लागले होते. बाई आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या दर दुसऱ्या घरात त्यांचा विद्यार्थी. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "वेळापत्रकात बसलं नाही" एवढं सांगायच्या. चहा उभ्यानं प्यायच्या, कारण बसून प्यायला की माणूस दुसरा कप मागतो असं त्यांचं मत. आणि गावात स्पीकरवरून "उद्या ठीक नऊच्या सुमारास शिबिर आहे" असं कुणी पुकारलं की लगेच फोन लावून विचारायच्या, "ठीक की सुमारास? एक काय ते सांगा."

त्यांच्या बघण्याचीही एक तऱ्हा होती. तुमच्याशी बोलताना त्या तुमच्या कानापलीकडं बघायच्या. अर्ध्या गावाची समजूत होती की बाई रुसल्यात. खरी गोष्ट अशी होती की त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. समोरचं, मधलं त्यांना दिसत नसे. तिथं नुसता धुरकट डाग. कडेकडेचं तेवढं दिसायचं. म्हणून ज्याला बघायचं त्याच्या बाजूला नजर लावायची. हे त्यांनी मला कधी दुःखाचं म्हणून सांगितलं नाही. "मधलं गेलंय, कडा आहेत," एवढंच, जणू कपाटातला एखादा कप्पा रिकामा झालाय.

"आपोआप" हा शब्द त्यांच्या घरात बोलायला बंदी होती. एकदा पाण्याची मोटार बंद पडली. दुरुस्तीला बालाजी आला. चाळिशीतला गडी, गावातला एकमेव वायरमन, अर्थातच बाईंचा विद्यार्थी. मोटारीकडं एक नजर टाकून तो म्हणाला, "बाई, ही आपोआपच बंद पडली असंल."

"उभा राहा."

बालाजी उभा राहिला. हातात पाना, समोर मी आणि पाच नंबरचे भाडेकरू.

"आपोआप काय होतं रे जगात?"

"काय न्हाय होत, बाई."

"मग बघ."

त्यानं सगळं उघडून पाहिलं. अर्ध्या तासानं स्टार्टरच्या पेटीतून एक जळालेली पाल शेपटीला धरून बाहेर काढली आणि म्हणाला, "हे बघा बाई, आपोआप!" त्या दिवशी बाई मोठ्यानं हसलेल्या मला आठवतात.

दुसरं त्यांचं वाक्य माझ्या धंद्यालाच लागू पडलं. एकदा त्यांचा पाय सुजला. मी नुसतं बघून म्हणाले, "बाई, वाताचा त्रास दिसतोय." त्या म्हणाल्या, "काय झालंय ते मला सांगू नकोस. काय दिसतंय ते सांग." मग मी खाली बसून नीट बघितलं. घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूला लालसर, मधोमध बारीक टोचल्याची खूण. काटा मोडून आत राहिला होता. आता मी अणदूरला बदलून आलेय, पण केसपेपरवर काही लिहायच्या आधी अजून हात थांबतो आणि मी पुन्हा एकदा पेशंटकडं बघते.

तर त्यांच्या पेनची गोष्ट.

बाईंकडं एक लॅपटॉप होता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं पुण्याहून पाठवलेला. त्याचा पडदा अलगद सुटून पाटीसारखा मांडीवर घेता यायचा, आणि त्यावर लिहायला एक काळं पेन होतं. कागदावर बाईंना स्वतःचं लिहिलेलं दिसत नसे. ओळीवर ओळ चढायची, वर्गमूळ भागाकारात घुसायचं. पण या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या जाड रेघेनं, एकेक आकडा वीतभर करून, त्या लिहीत. मान तिरपी करून डोळ्याच्या कडेनं वाचत. फळा सुटला तेव्हापासून पहिल्यांदा हातात खडू आल्यासारखं वाटलं, असं एकदा त्या बोलून गेल्या होत्या.

हे सगळं चाललं होतं दोन मुलींसाठी. अश्विनी आणि तिची चुलत बहीण कोमल. दोघी दहावीला. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत, आणि मुलींनाही बरोबर न्यायचे. मागं ठेवायला घरी कुणी नव्हतं. शाळेनं नाव चालू ठेवलं होतं, परीक्षेला येऊन बसा म्हणाले होते. बाकीचे विषय वाचून निघत. गणित निघत नव्हतं. अश्विनीचे वडील, दत्ताभाऊ, जाण्याआधी बाईंना स्पष्ट सांगून गेले होते, "बाई, गणित निघालं तर बघू पुढचं. न्हायतर पुढल्या साली तिचाबी कोयता."

आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो.

मंडळी उसाच्या फडावर पोचली. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसातला वर्ग सुरू झाला. तिकडं भाकरी उरकून दोघी बहिणी रिकाम्या ट्रॉलीवर चढून बसायच्या, कारण रेंज फक्त तिथं यायची. इकडं बाई लिहायच्या, तिकडं फोनच्या चौकोनात पिवळी रेघ उमटायची. अश्विनीला अडलं की ती तिथंच थांबवायची, "बाई, ह्यो दोन कुठनं आला?" आणि बाई त्या दोनभोवती गोल काढून तो कुठून आला ते दाखवायच्या. फोटो पाठवून हे जमलं नसतं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना एका संध्याकाळी, वर्तुळ काढता काढता, रेघ थांबली. अर्धं वर्तुळ पडद्यावर आणि पेन मुकं.

"बाई, पुढं?" फोनमधून अश्विनी.

बाईंनी पेन पुन्हा टेकवलं. काही नाही. जोरात टेकवलं. काही नाही. मला हाक आली, "तीन!"

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस मला लॅपटॉपच्या आत कुठं कुठं घेऊन गेला. हे उघडा, ते दाबा. मी दाबत गेले. मध्येच गावची वीज गेली, तिच्यामागं टॉवर गेला, फोन तुटला. दुसऱ्या दिवशी लावला तर वेगळाच माणूस. तो म्हणाला, पेन आमच्याकडं पाठवा, वीसेक दिवस धरा, आणि हे पेन आता बनत नाही, तेव्हा खात्री नाही.

मी बाईंना सांगितलं, "बाई, पेन गेलं."

"गेलं म्हणजे कुठं गेलं? हातात आहे माझ्या."

"म्हणजे बिघडलं."

"ते तू कसं सांगतेस? तुला काय दिसतंय?"

मला राग आला होता. दिवसभर लसीकरण करून मी आले होते. तरी बसले आणि सांगू लागले. बोट लावलं तर पडदा हलतोय. पेन लावलं तर हलत नाही. पेनचं टोक घट्ट आहे, झिजलेलं नाही. पेनवरचा बारीक दिवा लागत नाही.

"दिवा आधी लागायचा?"

मी आठवलं. "लागायचा. पांढरा."

"मग दिव्यापासून सुरू कर."

पेनचं बूड फिरवून उघडलं तर आत एकच सेल. इतका बारका सेल मी आजवर बघितला नव्हता. रिमोटमधल्या सेलपेक्षाही सडपातळ. त्यावर चार ए लिहिलेले. ईटच्या दोन्ही दुकानांत गेले. एक दुकानदार म्हणाला, "ताई, तीन ए असतंय. तुमी एक ए जादा म्हनलात." ऑनलाईन बघितलं तर यायला दहा-बारा दिवस.

तोवर बाईंनी बोटानं लिहून पाहिलं होतं. हात टेकला की पडदा उड्या मारायचा, आणि हात न टेकता रेघ कुठं चाललीय ते त्यांना कळत नसे. तोंडी शिकवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी फोनवर अश्विनी हळूच म्हणाली, "बाई, निस्तं बोलून त्रिकोण दिसत न्हाय वो." बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीकडं, म्हणजे खिडकीच्या बाजूला, बघत राहिल्या.

मग एकदम म्हणाल्या, "बालाजीला बोलव. म्हणावं तुझ्या व्होल्ट मोजायच्या मीटरमधली चौकोनी बॅटरी घेऊन ये. नऊ व्होल्टची."

ती मोठी चौकोनी बॅटरी या बारक्या पेनात कशी बसायची ते मला कळेना. बाई म्हणाल्या, "वर्गात फोडून दाखवायचे मी. नऊ व्होल्ट एका सेलचे होत नाहीत. दीडचे सहा असतात आत. बारके बारके." हातांना बारीक कामाची सवय असलेली मीच, म्हणून पक्कड माझ्या हातात आली. बालाजीनं बॅटरी धरली, मी पत्रा सोलला. आत सेल नव्हतेच. चपट्या काळ्या वड्या एकावर एक रचलेल्या, आणि हाताला काळा चिकटा.

"बाई, ह्यात वड्या हायती," बालाजी म्हणाला.

बाईंनी बोटानं चाचपून पाहिलं. "ही हलकी बॅटरी. दुसरी एक जात येते, वर अल्कलाईन लिहिलेलं असतं. ती आणा."

"आणि तिच्यातबी वड्या निघाल्या तर?"

"तर तिच्यात वड्या असतात हे कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून मी एसटीनं तालुक्याच्या गावी, भूमला गेले. तिसऱ्या दुकानात ती बॅटरी मिळाली. घरी येऊन पत्रा सोलला आणि खरंच, आत सहा सडपातळ सेल, काडेपेटीतल्या काड्यांसारखे शेजारी शेजारी. मी ओरडलेच. बाई म्हणाल्या, "ओरडू नको, मोज." जोडलेली पट्टी चिमट्यानं सोडवून एक सेल मी वेगळा काढला. तो पेनच्या सेलपेक्षा जरा आखूड होता. माझ्या डब्यातल्या पोळीच्या चांदीच्या कागदाची घडी करून ती फट भरली. ज्या टोकाला टोपी होती ते टोक अधिकचं समजून मी सेल आत घालणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मीटर लाव आधी." बालाजीनं लावला, तर काटा उलटा. टोपीकडची बाजू वजा होती.

"दिसण्यावरून अधिक-वजा ठरवू नये," बाई म्हणाल्या. हे त्या सेलबद्दलच म्हणाल्या असतील.

सेल सरळ करून घातला. पेनचा दिवा लागला. पांढरा. बाईंनी मान वळवून डोळ्याच्या कडेनं तो पाहिला. त्यांनी पेन पडद्यावर टेकवलं.

रेघ उमटली नाही.

बालाजी पाना पिशवीत घालू लागला. माझा धीर सुटला. मी म्हणाले, "बाई, खूप झालं आता. चार दिवस झाले. दोघींना दुसऱ्या कुणाकडून शिकू द्या."

"कुणाकडून?"

त्या ट्रॉलीपाशी कोण जाणार होतं?

बाईंनी चहा मागितला. उभ्यानं प्यायल्या. मग म्हणाल्या, "सकाळी दिवा लागत नव्हता, आता लागतोय. एक चूक निघाली, म्हणून तिच्यामागं बसलेली दुसरी दिसायला लागली. आपण मागं नाही गेलो गं, पुढं आलोय. बस इथं. लॅपटॉपच्या भागांची यादी असते आत, ती उघड. पहिल्या ओळीपासून वाच."

मी वाचली. पन्नासेक ओळी असतील. पेनचं नाव त्यात होतं. म्हणजे लॅपटॉपला पेन माहीत होतं. "सगळं ठीक दिसतंय," मी म्हणाले.

"ठीक हे तुझं मत झालं. पुन्हा वाच."

पुन्हा वाचली.

"पुन्हा. नुसती नावं नको. प्रत्येक ओळीत जे जे आहे ते. नावाच्या आधी काय आहे, नंतर काय आहे."

तिसऱ्यांदा वाचताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. शाळेतल्या ढ मुलीसारखी मी बोट ठेवून वाचत होते. "नावाआधी बारकं चित्र. पुढची ओळ, नावाआधी बारकं चित्र. पुढची ओळ पेनची. नावाआधी बारकं चित्र, चित्राच्या कोपऱ्यात बाण..."

"थांब. बाकीच्यांना बाण आहे?"

"नाही."

"वर की खाली?"

"खाली."

"मग आधी दोनदा वाचलंस तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तो तसाच असतो."

त्या ओळीवर टिचकी मारली तर समोर लिहून आलं की हा भाग बंद करून ठेवलेला आहे. मी बघत राहिले. बाईंनी विचारलं, "कुणी बंद केला?"

"आपो..." म्हणता म्हणता मी थांबले. आणि मग मला पहिल्या दिवसाचा फोन आठवला. तो माणूस म्हणाला होता, पेनच्या ओळीवर जा, बंद करा, आणि आता परत चालू... तेवढ्यात वीज गेली होती. मी बंद केलं होतं. चालू करायचं राहून गेलं होतं.

बालाजी माझ्याकडं बघत होता. मला एक क्षण वाटलं, नाही सांगितलं तर काय होणार आहे? बाईंना तर दिसतही नाही. पण त्या मान तिरपी करून माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या कडांमधून त्यांना मी पुरेशी दिसत होते.

"मी केला, बाई," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी. फोनवर सांगितलं तसं. परत चालू करायचं विसरले. चार दिवस वाया गेले माझ्यामुळं."

मला वाटलं, आता "उभी राहा" येणार. मी तशी उठलेही होते.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "सेल संपला नसता तर तू फोन लावला नसतास. दोन्ही चुका निघाल्या. आता चालू कर."

मी चालू केलं. बाण गेला. बाईंनी पेन टेकवलं आणि पडद्यावर आडवी, जाड, पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बालाजीनं टाळी वाजवली आणि जीभ चावून हात मागं घेतला.

साडेसातला ट्रॉलीवर फोन लागला. चार दिवसांपूर्वीचं अर्धं वर्तुळ पडद्यावर तसंच होतं. मी म्हणाले, "इथूनच पुढं काढा ना, बाई." बाईंनी ते पुसून टाकलं. "जोड दिलेलं वर्तुळ मला चालत नाही." नवं काढलं, गोल गरगरीत, आणि चार दिवसांचं शिकवणं भरून काढायला त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस वर्ग दीड तास चालला. आजूबाजूच्या कोप्यांतल्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या, बायका ट्रॉलीखाली उभ्या राहून ऐकायच्या, असं कोमलनं नंतर सांगितलं. तो उपटलेला सेल दहा दिवस पुरला. मग दुसरा घातला. सहा होतेच.

परीक्षेला मुली आल्या, बसल्या, आणि पेपर झाल्यावर परत फडावर गेल्या. निकाल लागला तेव्हा दोघीही पास होत्या. गणितातसुद्धा. कोमलचे मार्क बरे होते, अश्विनीचे काठावरून थोडे वर.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी अश्विनी जिलेबी घेऊन आली. दत्ताभाऊ दारात मोटरसायकल चालू ठेवूनच बसले होते. त्यांना जवळच्याच वाशी गावी कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. अश्विनी बाईंच्या पाया पडली. बाईंनी जिलेबीचा पुडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोणतं चुकलं?"

अश्विनी गोंधळली. "बाई, पास झाले मी."

"ते कळलं. चुकलं कोणतं?"

"शेवटचं. स्पर्शिकेचं. येळ संपला."

"वेळ संपला, का येत नव्हतं?"

अश्विनीनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. बाहेर मोटरसायकल धडधडत होती.

"येत न्हवतं, बाई."

बाईंनी पडदा तिच्यापुढं सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं. आजवर ती ते फक्त फोनच्या चौकोनात बघत आली होती. तिनं ते धरलं तेही पूजेतल्या वस्तूसारखं, दोन बोटांत.

"मोठं काढ," बाई म्हणाल्या. "मला दिसलं पाहिजे."

अश्विनीनं वर्तुळ काढलं. बाहेरून दत्ताभाऊंनी हाक दिली, "आगं चल की, उशीर हुतोय." अश्विनीनं वर बघितलं नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली नाही. थोड्या वेळानं मोटरसायकलचा आवाज बंद झाला आणि ते दारात येऊन उभे राहिले. आपली लेक काय लिहितेय ते त्यांना वाचता येत नसावं, पण ते बघत होते. तिनं एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. बाई तिच्या कानापलीकडं नजर लावून ती ओळ वाचत होत्या.

दत्ताभाऊ जरा खाकरले. "बाई," ते म्हणाले, "म्या म्हनतो, आता हिला कुठं घालावं? अकरावीला, का त्या नर्सिंगला?"

"आधी हे गणित होऊ दे," बाई म्हणाल्या.

दत्ताभाऊंनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसले.